चाळीस कवट्या, एक गोणी

३ फेब्रुवारी

माननीय विभागप्रमुख साहेब, सस्तन प्राणी विभाग,

बावीस वर्षांनी सख्ख्या भावाला पत्र लिहिताना मायना काय घालायचा ते मला कुणी शिकवलं नाही. म्हणून पाकिटावर लिहिलं तेच इथे उतरवलं. अक्षर ओळखलं असशील. नसशील तर खाली सही बघ, पाणी पी आणि मग पुढे वाच.

नदीच्या अलीकडचे आंधळे उंदीर आणि पलीकडचे आंधळे उंदीर एक नाहीत. दोन आहेत. मी म्हटलं होतं.

आता हे मी एकटी म्हणत नाही. एकटी म्हणत होते तेव्हा काय झालं ते आपल्या दोघांनाही पाठ आहे. विद्यापीठातून एक मुलगी आलीय. मुलगी म्हणजे बत्तीस वर्षांची असेल, डॉक्टरेट झालेली. घरी डॉक्टर आलीय म्हटल्यावर शेजारीण पहिल्याच दिवशी गुडघा घेऊन आली. मुलगी म्हणाली, "मावशी, मी उंदरांची." शेजारीण म्हणाली, "असू दे, बघ तरी."

तर या उंदरांच्या डॉक्टरला आंधळे जिवंत हवे होते आणि जिवंत पकडून देणारं या भागात माझ्याशिवाय कुणी नाही. बाकीचे बिळात धूर सोडतात नाहीतर पाणी. माझी पद्धत तुला माहीत आहे. बीळ एका जागी उघडं पाडायचं आणि गप्प उभं राहायचं. आंधळ्याला उजेड दिसत नाही, डोळे कातडीखाली गाडलेले, पण वारा आत शिरलेला त्याला खपत नाही. दहा मिनिटांत तो भोक बुजवायला येतो. आला की मागून फावडं घालून त्याची परतीची वाट तोडायची. सहासष्टाव्या वर्षीही माझं फावडं चुकत नाही. अकरा दिले तिला. सहा अलीकडचे, पाच पलीकडचे.

तिने त्यांच्या रक्तातली गुणसूत्रं मोजली. अलीकडच्या सहाही जणांची बावन्न. पलीकडच्या पाचही जणांची अठ्ठावन्न. मधलं एकही नाही. ती म्हणाली, इतका फरक असला की दोघांची पिल्लं झाली तरी पुढे वंश चालणं कठीण. मी म्हटलं, "पोरी, हे माझ्या भावाला सांग. त्याने दोघांचं एकच कुटुंब करून चारशे पानांत बसवलंय."

ती म्हणाली, "ते तुमचे भाऊ? त्यांचं पुस्तक वाचून तर मी या विषयात आले."

मी चहा टाकायला आत गेले.

उत्तर देऊ नकोस असं मी म्हणणार नाही.

— तुझी बहीण

२० फेब्रुवारी

साहेब,

सतरा दिवस झाले. पोस्ट इतकं हळू नाही. म्हणजे तुला पत्र मिळालंय आणि तू ते टेबलाच्या डाव्या खणात ठेवलंयस. लहानपणी गणिताचा पेपर ठेवायचास तसं.

मग ऐक इथे काय चाललंय ते. माझ्या मागच्या पडवीत दोन मोठी पिंपं आहेत, मातीने भरलेली. एकात अलीकडचा नर, एकात पलीकडचा. एका पिंपात दोन ठेवता येत नाहीत हे तू पुस्तकात लिहिलंच आहेस, चौथं प्रकरण, 'एकलकोंडेपणा'. दोघांना एकत्र ठेवलं तर सकाळी एकच उरतो आणि त्याचीही अवस्था बघण्यासारखी नसते. हो, वाचलंय मी तुझं पुस्तक. वाचलं नाही असं सगळ्यांना सांगते. चार वेळा वाचलंय.

ती आफ्रिकेतल्या नागड्या उंदरांची मंडळी, राणीच्या हाताखाली ऐंशी-ऐंशी जण नांदणारी, त्यांच्यावरचं तुझं प्रकरण मला सगळ्यात आवडतं. आपले आंधळे आणि ते भाऊबंद नाहीत, घराणीच वेगळी, फक्त दोघांनी धंदा एकच धरला म्हणून दात आणि आखूड पाय सारखे दिसतात, हे तू छान समजावलंयस. दिसणं सारखं म्हणून नातं जवळचं असं नाही. मग हीच अक्कल नदीच्या दोन काठांना का लावली नाहीस, हा माझा प्रश्न आहे.

पिंपांचं सांगत होते. आंधळा डोकं वर आपटून बिळाच्या छताला ठोके देतो. शेजाऱ्याला निरोप: मी इथे आहे, तू तिथेच राहा. जमिनीत सळई खुपसून दुसरं टोक कानामागच्या हाडाला लावलं की ऐकू येतं. अलीकडचा चार ठोके देतो, सारख्या अंतरावर, सरकारी कारकुनासारखे. पलीकडचा तीन सावकाश आणि मग दोन घाईने, जणू दार लागायच्या आत काहीतरी आठवलं. चाळीस वर्षं ऐकतेय. झोपेतही चुकणार नाही.

मुलीने दोघांचे ठोके ध्वनिमुद्रित केले आणि मातीत पुरलेल्या यंत्रातून उलटसुलट ऐकवले. अलीकडच्याला अलीकडचे ऐकवले की तो लगेच उत्तर देतो. पलीकडचे ऐकवले की गप्प. त्याला ती भाषाच नाही. पलीकडच्याचंही तसंच. साठ वेळा केलं, साठ वेळा तेच. मुलगी वहीत लिहीत होती आणि मी पडवीच्या पायरीवर बसून स्वतःची पाठ मनातल्या मनात थोपटत होते.

तुला तो दिवस आठवतो का? संग्रहालयाचं सभागृह, तुझ्या पुस्तकाचं व्याख्यान. मी तिसऱ्या रांगेत, नव्या चपला चावत होत्या. तू पडद्यावर चाळीस कवट्यांचे आकडे दाखवलेस, वीस अलीकडच्या, वीस पलीकडच्या. मीच पकडून, साफ करून, लेबलं बांधून दिलेल्या. सरासरी सारखी, म्हणून प्रजाती एक. मी हात वर केला आणि म्हटलं, "पण ते वेगळं ठोकतात." तू हसलास आणि म्हणालास, "माझी ताई सळईने ऐकते. कवट्या बोलत नाहीत, पण खोटंही बोलत नाहीत." सगळं सभागृह हसलं. पहिल्या रांगेतला एक जण तर मागे वळून बघून हसला.

मी बाजूच्या दाराने निघाले ती आजवर.

त्या चाळीस कवट्यांबद्दल मात्र... ते असो. हात दुखतोय. पिंपांना गाजरं घालायची आहेत.

— ताई

१६ एप्रिल

छोट्या,

साहेब म्हणून राग काढायचा तर राग आवरेना, म्हणून घरचं नाव.

तू मला एक ओळ लिहिली नाहीस आणि त्या मुलीला दोन पानं लिहिलीस! मुलीने मला वाचून दाखवली. किती गोड लिहितोस रे परक्यांना. "आपलं गुणसूत्रांचं काम उत्तम आहे. ठोक्यांचा प्रयोग मला स्वतःला सुचायला हवा होता." हे तू मला सांगितलं असतंस तर आकाश कोसळलं असतं का?

पण पुढचं तुझंच वाक्य आणि परीक्षकांचं वाक्य जुळ्या भावांसारखं आहे. मुलीचा शोधनिबंध परत आलाय. परीक्षक म्हणतात: दोन प्रजाती असतील तर संग्रहालयातल्या चाळीस कवट्यांत फरक का नाही? आणि तू म्हणतोस: "मी त्या चाळीस पुन्हा मोजल्या. आकडे तेच आले. या चाळीसांचा उलगडा करा, मी स्वतः माझ्या पुस्तकाच्या विरोधात सही करीन."

मुलगी हिरमुसली. तिची नेमणूक या निबंधावर आहे आणि मुदत ऑक्टोबरपर्यंत. अकरा जनावरं कमी पडतात, नवी मारायला तिला परवानगी नाही, आणि आधीच्या चाळीस कवट्या तिच्या विरुद्ध साक्ष देतायत. काल पडवीत बसून म्हणाली, "मावशी, त्या चाळीस तुम्ही कशा आणल्या होत्या?"

मी म्हटलं, "सायकलवरून."

"तसं नाही. दोन्ही काठचे वेगवेगळे ठेवले होते ना?"

मी म्हटलं, "लेबलं बघ. माझंच अक्षर आहे."

हे खोटं नाही. अक्षर माझंच आहे.

तिने वही मिटली. मग म्हणाली, "बरं." या पिढीचं हे 'बरं' मला कळत नाही. आमच्या वेळी 'बरं' म्हणजे बरं असायचं.

चहा न घेता गेली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी पिंपाजवळ सळई लावून बसले. पलीकडचा ठोकत होता, तीन आणि दोन, तीन आणि दोन. उत्तर द्यायला त्याच्या जातीचं कुणी नाही इथे, तरी ठोकत होता. मला ते ऐकवेना.

— ताई

१९ एप्रिल

छोट्या,

हे पत्र मी तीन दिवस लिहितेय. दोन फाडली. हे फाडायच्या आत पाकिटात घालणार आहे.

बावीस वर्षांपूर्वी तू मला दोन गोण्या दिल्या होत्यास. एकीवर निळा दोरा, एकीवर लाल. निळी अलीकडची, लाल पलीकडची. तीनदा समजावलंस. मी म्हटलं होतं, "मला काय कुक्कुलं बाळ समजतोस?"

दोन आठवड्यांत पकडले सगळे. शेवटच्या दिवशी पलीकडून येताना पुलाच्या चढावर लाल गोणी चाकाच्या तारांत अडकून फाटली. मेलेले उंदीर रस्त्यावर. मागून गाड्या येतायत, लोक नाक दाबून बघतायत. मी ते गोळा केले आणि निळ्या गोणीत टाकले. त्यात अलीकडचे आधीच होते.

घरी आले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर चाळीस आंधळे मांडले आणि बघत राहिले. छोट्या, मेलेला आंधळा ठोकत नाही. रंग तोच, दात तेच, तेच चपटं डोकं. मला वाटलं होतं, मी जुनी ओळख असल्यासारखी पटकन वेगळे करीन. हा जरा फिकट, हा पलीकडचा. हा गुबगुबीत, हा अलीकडचा. असं करत वीस-वीसचे दोन ढीग लावले. अंदाजाने. शुद्ध अंदाजाने. आणि माझ्या सुवाच्य अक्षरात चाळीस लेबलं बांधली.

तुला सांगितलं का नाही? कारण मला खात्री होती की तुला कळेल. तू शिकलेला, तुझ्याकडे ते मोजमापाचे चिमटे, भिंगं. मला वाटलं, कवटी हातात घेतल्याबरोबर तू म्हणशील, "ताई, ही चिठ्ठी चुकली बघ." मी तुझ्या फोनची वाट बघत होते. तू केला नाहीस. तू माझ्या लेबलांवर विश्वास ठेवलास. मी तुझ्या डोळ्यांवर ठेवला. दोघांनी एकमेकांवर ठेवला आणि मधल्यामध्ये उंदरांचं वाटोळं झालं.

मग व्याख्यान. तू हसलास तेव्हा मला उभं राहून म्हणता आलं असतं, "थांबा, गोणी फाटली होती." सगळं तिथेच मिटलं असतं. पण नव्या चपला घालून, तिसऱ्या रांगेतून, इतक्या लोकांसमोर मी कामचुकार म्हणून उभी राहू? त्यापेक्षा तुझ्यावर रागावणं सोपं होतं. एकदा रागावले की मग ते चालवत ठेवायला फार कष्ट पडले नाहीत. तू मला हसलास हे खरं होतं, म्हणून बाकीचं सगळं त्याच्यामागे लपवता आलं.

आज सकाळी मुलीला सगळं सांगितलं. ओरडेल असं वाटलं होतं. ती खुर्चीवरून उठली आणि मला मिठी मारली. म्हणाली, "मावशी, म्हणजे कवट्या आपल्या विरुद्ध नाहीतच!" मी म्हटलं, "कवट्या नाहीत. मी होते."

तुझे आकडे बरोबर होते. मी दिलेलं चुकीचं होतं. हे तुझ्या संचालकांना, परीक्षकांना, हवं त्याला दाखव. खाली पूर्ण सही करते.

— तुझी ताई

४ मे

छोट्या,

तुझं कार्ड आलं. बावीस वर्षांनंतरचा पहिला शब्द आणि तो असा: "ताई, कुठल्या कुठल्या?"

ना राग, ना प्रेम, ना 'तब्येत कशी आहे'. कुठल्या कुठल्या! मी इतकी हसले की शेजारीण गुडघा विसरून धावत आली.

मला माहीत नाही रे कुठल्या. तेच तर. पण मुलगी म्हणते, कवटीच्या आत मेंदूच्या जागी वाळकी पापुद्र्यासारखी ढलपी चिकटलेली राहते, त्यातून डीएनए निघतो. मी साफ करताना आतून नीट खरवडलं नसेल तर. तेव्हा तू मला त्यावरूनही बोलला होतास, "ताई, आतून किती घाण ठेवलीस." ती घाण आता कामाला येणार. चाळीसातून ढलप्या काढून तिला पाठव. प्रत्येकीला वेगळी डबी. वेगळी! तीनदा समजावतेय.

तब्येत बरी आहे.

— ताई

११ जुलै

छोट्या, छोट्या, छोट्या!

फोनवर मुलीने सगळं सांगितलंय, तरी मी लिहिणारच. मला हे लिहायचंय.

चाळीसपैकी चाळीसांचा निकाल आला. प्रत्येक कवटी या काठची की त्या काठची ते पक्कं कळलं. मग मुलीने काय केलं, तर नवं काही मोजलंच नाही. तुझी बावीस वर्षांपूर्वीची वही घेतली, तुझेच आकडे घेतले, फक्त कवट्यांची विभागणी सुधारली. आणि माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, पडद्यावरच्या ठिपक्यांचे दोन थवे झाले. एक इकडे, एक तिकडे, मधे मोकळं रान. पलीकडच्यांचं नाकाचं हाड आखूड. सगळ्यांचं, एकूण एक. तुझा एकही आकडा बदलावा लागला नाही. मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत तू बरोबर होतास, गाढवा!

आणि पान एकशे चौदा, तळटीप. "कवट्यांचे दोन गट पडल्यासारखे वाटतात, कारण बहुधा वय." तुला दिसलं होतं! तुझ्या डोळ्यांनी ते पकडलं होतं आणि माझी लेबलं बघून तू ते बारीक अक्षरात खाली ढकलून दिलंस. मी टेबलावर हात आपटून ते मोठ्याने वाचलं. मुलगी म्हणाली, "सरांनी हे लिहिलंय?" मी म्हटलं, "लिहिलंय, पण लाजत."

तुझी नजर बरोबर, माझा कान बरोबर.

आता तो प्रश्न, जो तू नव्या कार्डावर लाल शाईने विचारलायस. अलीकडच्या तेवीस आणि पलीकडच्या सतरा कशा? वीस-वीस हव्या होत्या ना?

हं.

पलीकडे मला सतराच मिळाले होते. आंधळे ज्या वाफ्यांतले कंद खातात ते त्या वर्षी पडीक होते, आंधळे लांब गेले होते, आणि मला घरी जायचं होतं. तू वीस म्हणाला होतास. शाळेमागच्या मैदानावर तीन सापडले, अलीकडेच, दोन पावलांवर. त्यांची घातली भर. सगळ्या गोष्टी एकाच पत्रात कबूल करायला मी काही साधू नाही. पण डीएनए फारच चोंबडा निघाला.

आता खरंच काही उरलेलं नाही. शपथेवर.

निबंधावर तीन नावं आहेत: मुलगी, मी, तू. माझं शेवटी नाही, मधे. मुलीने विचारलं, "मावशी, हुद्दा काय लिहू?" मी म्हटलं, "आंधळे पकडणारी." तिने तसंच लिहिलं आणि निबंध तसाच धाडला. तुझं नाव तिने आधी पहिलं घातलं होतं, तूच खोडून खाली गेलास, हेही तिने सांगितलं. बरं केलंस.

येतेय मी तुझ्याकडे. सायकलवरून नाही. गाडीने.

— ताई

२८ ऑगस्ट

प्रिय छोट्या,

सुखरूप पोहोचले. स्टेशनपासून शेजारणीने पिशवी घेतली आणि गुडघ्याची तक्रार सगळ्या वाटेवर केली. निबंध घेतला, आणि छापणाऱ्यांनी माझा हुद्दाही तसाच ठेवला. पिंपं आता रिकामी आहेत. दोघांना मुलीने आपापल्या काठावर सोडलं. पलीकडच्याने वळूनही बघितलं नाही. बघून करणार तरी काय.

आपण दोघांनी काल संग्रहालयात एका टेबलावर बसून चाळीस नवी लेबलं लिहिली, त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. तू होतासच. जुनं लेबल काढायचं नाही, चुकीचं असलं तरी तसंच ठेवायचं आणि नवं शेजारी बांधायचं, हा तुमच्याकडचा नियम मला आधी कडू लागला. माझी बावीस वर्षांपूर्वीची थाप तिथे कायमची टांगलेली राहणार. पण पंधरा-वीस बांधून झाल्यावर दोन्ही लेबलं एकाच दोऱ्याला लोंबताना बघून बरं वाटायला लागलं. तू मधेच म्हणालास, "ताई, तुझं अक्षर अजून तसंच आहे." मी म्हटलं, "तुझं बिघडलंय." एवढंच बोललो आपण दोन तासांत. पुरलं.

पण तू चहा आणायला खाली गेलास तेव्हा जे झालं ते तुला माहीत नाही, म्हणून हे पत्र.

तुमचे नोंदणीवाले साहेब आले, ते जाड चष्म्याचे. मोठी नोंदवही उघडली आणि म्हणाले, "बाई, कवट्यांची ओळख बदलली की इथे 'बदलाचं कारण' लिहावं लागतं."

मी पेन घेतलं आणि लिहिलं: पकडणाऱ्या बाईने दोन काठचे एका गोणीत भरले आणि लेबलं अंदाजाने बांधली. खाली सही.

त्यांनी वाचलं. चष्मा वर केला, परत वाचलं. "बाई, इतकं उघड कुणी लिहीत नाही. आम्ही 'कारण अज्ञात' असं घालतो."

"अज्ञात कशाला?" मी म्हटलं. "मी इथे बसलेय की."

ते हसले, पण माझ्यावर नाही. कसं सांगू, त्यातला फरक मला चांगला कळतो. मग म्हणाले, "पण ती चूक होती हे पहिल्यांदा कुणाला कळलं? या तर सगळ्या सारख्याच दिसतायत मला."

"दिसतात सारख्याच," मी म्हटलं. "ऐकू वेगळ्या येतात."

"म्हणजे?"

सांगण्यात काय अर्थ. मी बोटांची पेरं दुमडली आणि तुमच्या त्या लांबलचक लाकडी टेबलावर वाजवलं. आधी अलीकडचा: एक, दोन, तीन, चार. मग पलीकडचा: तीन सावकाश, दोन घाईने. साहेब म्हणाले, "पुन्हा." मी म्हटलं, "असं नाही कळायचं. कान लावा लाकडाला."

आणि त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला आणि खरंच वाकून कान टेबलाला टेकवला. मी वाजवलं. पलीकडच्या टेबलावर पक्ष्यांची पिसं लावत बसलेल्या दोघी काम टाकून आल्या, त्यांनीही कान टेकवले. सफाईवाले काका बादली ठेवून आले. तीन आणि दोन, तीन आणि दोन. पिसंवाल्या दोघींपैकी एक डोळे मिटून म्हणाली, "हा दुसरा. हा पलीकडचा ना?" मी म्हटलं, "बरोबर."

तेवढ्यात तू तीन कप घेऊन दारात आलास आणि तसाच थबकलास. तुला वाटलं असेल, काहीतरी बारीकसं खाली पडलंय आणि सगळे वाकून शोधतायत. तू विचारलंस पण, "काय हरवलं?" आणि ऐकण्याच्या नादात कुणीच उत्तर दिलं नाही.

काही हरवलं नव्हतं रे. ते माझं ऐकत होते.

— ताई